साक्ष देणाऱ्या मुली

(भंडारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गासाठी मला जो विषय नेमून देण्यात आला आहे त्याचे नाव 'वंचित समाजातील मुलींचे सक्षमीकरण' असे आहे. विषयाला माझी हरकत नाही, शब्दाला आहे. सक्षमीकरण म्हटले की कोणीतरी सक्षम करणारा आणि कोणीतरी सक्षम होणारी अशी जोडी डोळ्यांसमोर उभी राहते. शिवणयंत्र देणारा व्यासपीठावर, घेणारी खाली रांगेत, आणि दोघांच्या मध्ये छायाचित्रकार. अशा समारंभांनी मुलींचे काही वाईट होते असे मी म्हणत नाही. परंतु ज्या जिल्ह्यात आपण बसलो आहोत त्या जिल्ह्याला हा शब्द असा सैलपणाने वापरण्याची मुभा नाही. कारण शिकलेली, धीट, खरे बोलणारी मुलगी याच जिल्ह्यात होती, आणि ती तशी होती म्हणूनच तिला मारण्यात आले.

मी खैरलांजीविषयी बोलतो आहे. मोहाडी तालुक्यातील त्या गावाचे नाव आपणां सर्वांना ठाऊक आहे. घटनाक्रम मात्र तरुण कार्यकर्त्यांना नेमका ठाऊक असतोच असे नाही, म्हणून तो सांगतो. भोतमांगे कुटुंबाची सुमारे पाच एकर जमीन होती. त्या जमिनीतून वाट मिळावी म्हणून गावातील काही मंडळींशी त्यांचा वाद चालू होता. पक्के घर बांधायला ग्रामपंचायत परवानगी देत नव्हती. गावात बौद्धांची घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. अशा गावात सुरेखा भोतमांगे आपल्या मुलांना शिकवीत होत्या. मुलगी प्रियंका बारावीपर्यंत शिकलेली, अभ्यासात हुशार म्हणून ओळखली जाणारी.

३ सप्टेंबर २००६ रोजी शेजारच्या गावच्या पोलीस पाटलांना मारहाण झाली. ते या कुटुंबाचे हितचिंतक होते. मारणारे कोण होते हे सुरेखाबाईंनी आणि प्रियंकाने पाहिले होते आणि त्या दोघींनी पोलिसांपुढे ते सांगितले. एवढेच त्यांचे 'कृत्य'. २९ सप्टेंबर रोजी आरोपींना जामीन मिळाला आणि त्याच संध्याकाळी जमाव भोतमांग्यांच्या घरावर चालून गेला. सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर या चौघांची हत्या झाली. प्रेते कालव्यात टाकण्यात आली. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले, आणि २०१७ च्या जानेवारीत आपला लढा अर्धवट टाकून गेले.

पुढची न्यायालयीन कथा थोडक्यात अशी. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा रद्द करून पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम केली. हे जातीय अत्याचाराचे प्रकरण आहे असे न्यायालयांनी मानले नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. साक्ष दिल्याचा सूड, असे त्याचे वर्णन झाले. मित्रहो, हे वर्णन क्षणभर मान्य करू. तरीही प्रश्न उरतोच: साक्ष दिल्याबद्दल सूड घेता येतो, संबंध कुटुंब संपवता येते आणि गावातील एकही माणूस आडवा येत नाही, हे धैर्य आणि हा निर्धास्तपणा कोठून येतो? जात वगळून या प्रश्नाचे उत्तर देऊन पाहा. मला देता आलेले नाही.

येथे आपल्यासारख्यांनी थांबून विचार करावा अशी एक गोष्ट आहे. सक्षमीकरणाच्या पुस्तकांत मुलीला जे जे द्यावे असे लिहिलेले असते त्यातील बरेच काही प्रियंकाजवळ होते. शिक्षण होते. घरात आईचा शब्द चालत होता. जमीन होती. भीड नव्हती. काय नव्हते? तिच्या पाठीशी संघटना नव्हती. साक्ष दिल्यानंतरच्या त्या दिवसांत तिच्या दारात रोज येऊन बसणारी, आरोपींना जामीन मिळणार असल्याचा सुगावा लागताच पोलीस ठाण्यावर धडकणारी पंचवीस माणसे नव्हती. मुलीला एकटीने धीट व्हायला शिकवायचे आणि धीटपणाची किंमत मात्र तिला एकटीनेच मोजू द्यायची, याला मी चळवळ म्हणणार नाही.

हत्येनंतर जे घडले तेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वर्तमानपत्रांनी आरंभी बातमीला अनैतिक संबंधांचा रंग दिला. जवळजवळ महिनाभर महाराष्ट्र स्वस्थ होता. नोव्हेंबरच्या आरंभी भंडाऱ्यात, नागपुरात, कामठीत, अमरावतीत लोक रस्त्यावर आले, आणि त्यांत पुढे होत्या त्या वस्त्यांतील बौद्ध स्त्रिया व मुली. कोणत्याही मोठ्या पक्षाने त्यांना बोलावले नव्हते. तत्कालीन गृहमंत्र्यांनी या आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याची शंका बोलून दाखवली. विहारात दर पौर्णिमेला जमणाऱ्या, वर्गणी काढून पुस्तके आणणाऱ्या, चाळीच्या नळावर ओळख झालेल्या बायकांना संघटना करता येते ही गोष्ट शासनाच्या कल्पनेत बसत नव्हती. त्या बायकांची महिला मंडळे हीच आजच्या विषयाची खरी सामग्री आहे.

ही मंडळे आकाशातून पडलेली नाहीत. विदर्भात त्यांना शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो आपल्या अभ्यासवर्गांतून फारसा सांगितला जात नाही. जाईबाई चौधरी हे नाव आपणांपैकी कितीजणांनी ऐकले आहे? नागपूर-कामठीच्या वाटेवर ओझी वाहणारी ही अस्पृश्य मुलगी. एका मिशनरी बाईंनी तिला लिहिता-वाचता आलेले पाहून शाळेत शिक्षिकेची नोकरी दिली. अस्पृश्य बाई आमच्या मुलांना शिकवते म्हणून सवर्णांनी शाळेवर बहिष्कार घातला आणि नोकरी गेली. तेव्हा त्या बाईने ठरवले की आपल्या मुलींसाठी शाळा आपणच काढायची. १९२२ मध्ये नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा निघाली. जिला ओझी वाहावी लागली तिने शाळा काढली, ती कोणाच्या अनुदानाची वाट न पाहता.

पुढे डिसेंबर १९३७ मध्ये नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली. परिषद पुरोगामी होती. स्त्रियांच्या शिक्षणाविषयी आणि हक्कांविषयी तेथे पुष्कळ चांगली भाषणे झाली असतील. पण जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळे बसवण्यात आले. १ जानेवारी १९३८ रोजी अस्पृश्य स्त्रियांनी निषेधाची सभा घेतली. स्त्री म्हणून सारख्या आणि पंगतीत मात्र वेगळ्या, ही विसंगती त्या सभेने उघड्यावर मांडली. आजही 'मुली' असा एकच शब्द वापरून योजना आखल्या जातात तेव्हा मला ती पंगत आठवते. कोणत्या मुली? कोणाच्या? गावाच्या कोणत्या बाजूला राहणाऱ्या?

त्याच नागपुरात राधाबाई कांबळे ही गिरणी कामगार स्त्री झाली. ब्रिटिश सरकारने १९२९ मध्ये नेमलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनपुढे तिने गिरणीतील बायकांच्या स्थितीविषयी साक्ष दिली. आणि २० जुलै १९४२ रोजी अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद नागपुरात भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो स्त्रिया जमल्या होत्या. बाबासाहेब आंबेडकरही उपस्थित होते. मुलींची लग्ने घाईने उरकू नका, असे त्यांनी तेथे आयांना बजावले. परंतु मला त्या परिषदेचे ठराव त्याहून बोलके वाटतात. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीकत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना भरपगारी रजा, मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहे. हिंदू विवाह कायदा व्हायला अजून तेरा वर्षे होती. ज्या बायकांना मंदिरात आणि पाणवठ्यावर प्रवेश नव्हता त्यांनी देशाच्या कायद्याचा मसुदा जणू आधीच करून ठेवला. वसतिगृहाची मागणी त्यांना का सुचली याचे कारण सोपे आहे. गावात सातवीच्या पुढे शाळा नाही, शहरात भाड्याने खोली मिळत नाही, आणि मिळाली तरी जात विचारली जाते, हे त्यांना पुस्तकात वाचावे लागले नव्हते.

त्यापूर्वीही एक मुलगी होती. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त दोन भागांत छापून आला. मांगमहारांच्या दुःखाची ती साक्षच होती, आणि ती देणारी चौदा वर्षांची होती. आपण मुलींना 'उद्याच्या नागरिक' म्हणतो. मुक्ता साळवे उद्याची वाट पाहत बसली नाही.

साथींनो, जोतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली ती अमेरिकेतील काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. आपल्याकडील शूद्रातिशूद्रांचा आणि तिकडील काळ्यांचा प्रश्न एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याची दृष्टी महाराष्ट्राला तेव्हापासून आहे. दलित पँथरने १९७२ मध्ये नाव घेतले ते तिकडूनच. आणि समाजवादी परंपरेतही याचा एक मोठा धागा आहे. डॉ. लोहिया १९६४ च्या मे महिन्यात मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरी गेले असता गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहात त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. ते हटले नाहीत आणि त्यांना अटक झाली. त्यांच्या सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष विषमता, कातडीच्या रंगावरून होणारी विषमता आणि जातीची विषमता या तीन स्वतंत्र लढाया आहेत. त्यांपैकी एक जिंकली म्हणजे बाकीच्या आपोआप जिंकल्या जातील असे त्यांनी कधी म्हटले नाही. रंगाविषयी तर त्यांनी स्वतंत्र निबंधच लिहिला. गोऱ्या लोकांनी जगावर राज्य केले म्हणून गोरेपणाला सौंदर्य मानले जाऊ लागले, असा त्याचा आशय. ज्या देशाने सावळ्या कृष्णाची पूजा केली आणि काळ्या द्रौपदीला पाच पराक्रमी पती दिले त्या देशात लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी' हा शब्द अजून छापला जातो. सावळ्या मुलीच्या बापाला हुंडा किती वाढवावा लागतो हे भंडाऱ्यातही कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. लोहियांना हा प्रश्न क्षुल्लक वाटला नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्यातील काही ज्येष्ठांना तो बायकी वाटतो.

अमेरिकेतीलच एक उदाहरण जरा विस्ताराने सांगतो. रोझा पार्क्स हे नाव सर्वांना माहीत आहे. डिसेंबर १९५५ मध्ये अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात त्यांनी बसमधील जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही आणि इतिहास घडला. पण त्याच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी, त्याच शहरात क्लॉडेट कॉल्विन नावाच्या पंधरा वर्षांच्या काळ्या शाळकरी मुलीने हेच केले होते. तिला पोलिसांनी ओढत बाहेर काढले, बेड्या घातल्या. ती काळ्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेच्या युवक मंडळात जात असे. त्या मंडळाच्या मार्गदर्शक होत्या रोझा पार्क्स. आता पाहा. शहरातील काळ्या पुढाऱ्यांनी या मुलीचे प्रकरण हाती घेऊन लढा उभारायचे टाळले. ती वयाने लहान, गरीब वस्तीतली, रंगाने अधिक काळी, बोलायला तिखट. पुढे ती अविवाहित असता गरोदर राहिली. तिच्या चेहऱ्यावर आंदोलन उभे राहणार नाही असा त्यांचा हिशेब होता. तथापि न्यायालयात जो दावा शेवटी जिंकला गेला आणि ज्याने १९५६ मध्ये बसमधील वेगळेपण बेकायदा ठरले, त्या दाव्यातील चार वादी स्त्रियांपैकी एक हीच क्लॉडेट होती. तिने कोर्टात उभे राहून साक्ष दिली. गौरव मात्र फार उशिरा वाट्याला आला.

या कथेत दोन धडे आहेत आणि ते परस्परविरुद्ध दिशांचे आहेत. एक असा की मुलगी एकाएकी धीट होत नाही. तिच्यामागे युवक मंडळ होते, काळ्यांचा इतिहास शिकवणारे शिक्षक होते. रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर जो बहिष्कार ३८१ दिवस टिकला त्याची पत्रके जो अॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने आणि त्यांच्या स्त्री-मंडळाने एका रात्रीत हजारोंच्या संख्येने छापून काढली होती. ते मंडळ कित्येक वर्षे बसमधील अपमानांच्या तक्रारी गोळा करीत आले होते; संधी आली तेव्हा यादी तयार होती. दुसरा धडा असा की चळवळीलाही 'योग्य' मुलगी हवी असते. शिकलेली, नीटनेटकी, कलंक नसलेली. खैरलांजीनंतर आपल्या सभांमधून प्रियंकाच्या हुशारीचे जे वर्णन झाले ते खरेच होते, पण मनात एक शंका येते. ती नापास झालेली असती, विड्या वळणारी असती, तर आपला आवाज तेवढाच चढला असता काय?

विड्यांचे नाव निघालेच आहे तर आपल्या जिल्ह्याकडे वळू. भंडारा आणि १९९९ मध्ये त्यातून वेगळा झालेला गोंदिया हा तलावांचा, धानाचा आणि विडीचा मुलूख. विडी वळण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या घरात बसून बायकांनी आणि मुलींनी केले. सट्टेदाराकडून पान-तंबाखू आणायची, हजारी दराने विड्या द्यायच्या, तो नाकारील त्या विड्यांची मजुरी बुडाली असे समजायचे. १९६६ साली विडी कामगारांसाठी कायदा झाला, १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला, मुलांना शिष्यवृत्त्या आल्या. पण कार्ड आईच्या नावाने निघाले तर शिष्यवृत्ती, आणि सट्टेदाराच्या वहीत आईचे नावच नसेल तर? सुपात हात चालवणाऱ्या मुलीचे तर नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. कायदा तिला कामगार मानत नव्हता आणि शाळा तिला गैरहजर मानत होती.

विडीचा धंदा आज पूर्वीसारखा राहिलेला नाही. धानाची रोवणी मात्र आहे, आणि ती आपल्या अभ्यासाचा विषय व्हावी असे मला वाटते. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीच्या सुमारास उघडतात आणि पाऊस वेळेवर आला तर त्याच पंधरवड्यात रोवणीला तोंड लागते. चिखलाच्या बांधीत दिवसभर वाकून परे लावण्याचे काम बायकांचे. एकराचा दर ठरवून टोळी काम घेते तेव्हा टोळीत जितके हात तितकी मजुरी लवकर. म्हणून सातवी-आठवीतल्या मुलीही उतरतात. किंवा आई बांधीत जाते आणि मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहते. वर्षाच्या पहिल्याच महिन्यात ती मागे पडते, आणि जी मागे पडली तिच्या लग्नाचा विचार घरात आधी सुरू होतो. या मुलींमध्ये बौद्ध आहेत, गोंड आहेत, धीवर आहेत, आणि अल्पभूधारक कुणबी-तेल्यांच्याही आहेत.

यावरून आपल्यात नेहमीच होणारा एक वाद पुढे येतो. बौद्ध मुलींचे, आदिवासी मुलींचे मंडळ वेगळे कशाला, सर्व गरीब मुलींचे एकच मंडळ करू, म्हणजे वर्गीय एकजूट होईल, असे काही साथी म्हणतात. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु १९३७ ची पंगत त्यांनी विसरू नये. एकत्र मंडळात बोलणार कोण, हे आधीच ठरलेले असते. जिचे घर गावाच्या मधोमध आहे ती बोलते. जिचे घर टोकाला आहे ती चटई घालते. खैरलांजीत ज्यांना शिक्षा झाली ते जमीनदार किंवा सावकार नव्हते, बहुतांशी मागासवर्गीयच होते, ही गोष्ट आपल्या 'पिछडा पावे सौ में साठ' या घोषणेला अडचणीची आहे आणि ती तशी आहे हे मोकळेपणाने बोलले पाहिजे. तेव्हा माझे मत असे: आधी वस्तीतील मुलींचे त्यांचे स्वतःचे मंडळ असावे, विहारात किंवा गोटुलाच्या आवारात, जेथे त्यांना आवाज दबका ठेवावा लागत नाही. आणि मग बस, शाळेतील स्वच्छतागृह, रोवणीच्या दिवसांतील पाळणाघर अशा प्रश्नांवर त्यांनी गावातील इतर मुलींशी हातमिळवणी करावी. बरोबरीने येऊन केलेली एकजूट टिकते. स्वच्छतागृहाचे नाव घेताच कोणी हसू नये. लोहिया स्त्रियांच्या शौचालयांचा आणि धुराच्या चुलीचा प्रश्न सतत मांडीत राहिले तेव्हाही लोक हसले होते.

भंडाऱ्यात आपल्या पक्षपरंपरेने बोलताना जरा नम्रतेनेच बोलावे, याला आणखी एक कारण आहे. १९५४ च्या पोटनिवडणुकीत हा द्विसदस्य मतदारसंघ होता. प्रजासमाजवादी पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन यांचा समझोता होता. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेब पराभूत झाले. दलितांची मते समाजवाद्यांना मिळाली, समाजवाद्यांकडची मते बाबासाहेबांना पुरेशी मिळाली नाहीत, असा त्याचा अर्थ बौद्ध वस्त्यांत लावला गेला आणि तो अजून सांगितला जातो. आज आपण महिला मंडळाच्या दारात उभे राहतो तेव्हा आतल्या आजीबाई जरा वेळ आपल्याकडे नुसत्या पाहत राहतात, ते उगीच नव्हे.

म्हणून त्या मंडळांवर आपला फलक लावण्याचा मोह टाळावा. त्यांना आपण उपयोगी पडावे. कशासाठी, ते सांगतो.

विहारातील मुली भाषणे उत्तम करतात. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला आठवी-नववीतील मुलीने केलेले भाषण ऐकून आपण थक्क होतो. पण हीच मुलगी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी यांसाठी तहसिलीच्या चकरा मारते तेव्हा तिच्याबरोबर कोण असते? बहुधा मजुरी बुडवून आलेला बाप. दहावीनंतर सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचा खर्च मिळू शकतो, हे मोहाडी-लाखांदूरच्या किती मुलींना अर्जाची मुदत संपण्यापूर्वी कळते? ज्या वसतिगृहांची मागणी १९४२ च्या बायकांनी केली ती उभी राहिली. त्यांच्या दारापर्यंतची वाट अजून कागदांनी अडवलेली आहे. मुलींनीच हे कागद वाचायला आणि भरायला शिकावे, वरच्या वर्गातील मुलीने खालच्या वर्गातील मुलीला शिकवावे. आपण एखाद्या निवृत्त कारकुनाला तेथे महिन्यातून दोनदा नेऊन बसवावे, एवढे पुरे.

दुसरे काम कायद्याचे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. २०१५ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि २०१६ च्या जानेवारीपासून ती अंमलात आली. या दुरुस्तीने पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचे एक संबंध प्रकरण कायद्यात आले आहे. साक्षीदाराला आणि त्याच्या कुटुंबाला संरक्षण, कोर्टात जाण्या-येण्याचा आणि निर्वाहाचा खर्च, आरोपीच्या जामिनासह प्रत्येक सुनावणीची आगाऊ सूचना मिळण्याचा हक्क. पुन्हा वाचा: जामिनाची सूचना. २९ सप्टेंबर २००६ रोजी हे कलम असते आणि ते अंमलात आणायला भाग पाडणारे कोणी असते तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. कलम आज आहे. ते आपल्या मंडळांतील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना तोंडपाठ असावे, आणि कार्यकर्त्यांना त्याहून अधिक. याच कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा झालीच पाहिजे. आपल्या जिल्ह्यातील गेल्या चार बैठका कधी झाल्या, कोण हजर होते, किती प्रकरणांवर चर्चा झाली, ही माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मागता येते. हा अर्ज मुलींच्या मंडळाने लिहावा. अर्ज लिहिणे हेसुद्धा शिक्षण आहे, आणि उत्तर न आल्यास अपील करणे हे त्याहून मोठे शिक्षण आहे.

मुलांचे काय, असे मघाशी एका साथीने विचारले. प्रश्न योग्य आहे. परंतु मुलींच्या मंडळाच्या वेळापत्रकात मुलांना घुसवून तो सुटणार नाही. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी १९४१ पासून मुलामुलींना एकत्र खेळायला, एकत्र गायला शिकवले, ही आपली मोठी ठेव आहे. ती शाखा गावात पुन्हा उभी करा, मुले तेथे येतील. जमावात सामील होणारा विशीतला तरुण हा पाच वर्षांपूर्वी आपल्यापैकी कोणीच न भेटलेला मुलगा असतो.

पैशाविषयी शेवटचे. संस्थांकडून निधी मिळतो तेव्हा अहवालही द्यावा लागतो, आणि अहवालात संघर्षाला रकाना नसतो. म्हणून मंडळाचा पाया वर्गणीचाच असावा, ती पाच रुपये असली तरी चालेल, आणि वही मुलींच्या हाती असावी. पक्षाने द्यायचे ते माणसांचा वेळ आणि वाहन. भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या सातही तालुक्यांतून प्रत्येकी दोन कार्यकर्त्यांची नावे, त्यांत एक तरी स्त्री, आज सायंकाळपर्यंत कार्यवाहांकडे द्यावीत. आणि येत्या रोवणीपूर्वी प्रत्येकाने आपल्या तालुक्यातील निदान एका गावी जाऊन सातवी ते दहावीच्या मुलींची पटावरची संख्या आणि पहिल्या महिन्यातील हजेरी कशी मिळवायची हे मुख्याध्यापकांशी बोलून ठरवावे. यादी पुढच्या बैठकीत वाचली जाईल.